पडक्या इमारतींचा हेरिटेज वॉक, ओल्ड गोवा आणि पणजी : अर्धा झकास, अर्धा टाइमपास

पणजीतला एक छोटा ग्रुप रविवारी सकाळी हा वॉक करतो. मी आणि मावशी जाऊन आलो. नाव लिहीत नाही कारण पुढे थोडी तक्रार पण आहे. माणशी ९०० रुपये, आधी ओल्ड गोवा, म्हणजे पोर्तुगीजांची जुनी राजधानी, आणि मग गाडीतून पणजीत फोंतेन्हास या जुन्या पोर्तुगीज वस्तीच्या बाजूला. पैसे वसूल झाले का म्हणाल तर ओल्ड गोव्याचे पूर्ण, पणजीचे नाही.

मला आधी वाटलेलं की भुताखेताच्या गोष्टी असणार, कारण पडका बंगला म्हटलं की आपल्याकडे दुसरं काही सुचतच नाही कुणाला. पण गाइड मुलगा अभ्यासू निघाला, मडगावचा आहे, कोंकणी मराठी मिक्स बोलतो, आणि प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट धरून बोलला, ही जागा रिकामी का झाली. बांधली कुणी, स्टाइल कुठली, ते बोर्डावर लिहिलेलं असतंच.

गांधी सर्कलला जमलो, तिथून व्हाइसरॉयची कमान. वास्को द गामाचा पणतू इथे व्हाइसरॉय होता त्याने ती पणज्याच्या आठवणीत उभी केली, पण ती मधे कोसळली आणि १९५४ मध्ये परत बांधली, म्हणजे आपण फोटो काढतो ती तशी अलीकडचीच. पुढे सेंट कॅजेटन चर्चच्या जवळ आदिलशहाच्या राजवाड्याचा एक दरवाजा उरलाय, काळ्या दगडाचा, नुसती चौकट. मी इतकी वर्षं गोव्यात राहते आणि त्याच्या बाजूने शंभरदा गेले असेन, कधी थांबले नव्हते. त्या वाड्यात आधी आदिलशहा, मग पोर्तुगीज व्हाइसरॉय, आणि १८२० मध्ये तो पाडून दगड पणजीच्या बांधकामाला नेले. इथलं शहर निम्मं कोसळलं आणि निम्मं उचलून पणजीला गेलं असं तो म्हणाला ते मला पटलं.

शहर ओस पडलं ते रोगराईने हे शाळेत ऐकलेलं, पण कसं ते त्याने जमिनीवरून समजावलं. खाली सगळा जांभा, भोकाभोकांचा, सांडपाणी त्यातून झिरपून थेट विहिरीत, आणि तेच पाणी प्यायचं. वर मलेरिया, कॉलरा. १६९५ मध्ये व्हाइसरॉयच पणजीच्या वाटेवर पणेलीला राहायला गेला, १७५९ मध्ये पणजीत, आणि १८४३ मध्ये पणजी ऑफिशियली राजधानी झाली. म्हणजे शहर एका रात्रीत वगैरे काही पडलं नाही, ज्यांना परवडलं ते आधी निघाले, बाकीचे हळूहळू. मावशीने विचारलं, "पण बाब, एवढाली देवळं टाकून गेले कसे?" (तिच्यासाठी चर्च पण देऊळच.) तो म्हणाला, "मावशी, चला वर टेकडीवर, तिथे सांगतो."

वर म्हणजे सेंट ऑगस्टिनचं पडकं चर्च आणि मठ, आणि या वॉकचा जीव तिथे आहे. आता ४६ मीटर उंचीचा एक अर्धा मनोरा उभा आहे, बाकी छप्पर नाही. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारनेच धार्मिक संघांना गोव्यातून बाहेर काढलं, मठ रिकामे झाले, बघणारं कोणी नाही. सात वर्षांत, १८४२ ला, मधली कमानदार छताची बाजू कोसळली. आपल्या पावसात छताला एक फट पडली की पुढचं सांगायला नको, पाणी भिंतीत मुरतं, झाडं रुजतात, चुना सुटतो. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. मनोऱ्यातली घंटा मात्र वाचली, ती आधीच काढून आग्वाद किल्ल्याच्या दीपस्तंभावर नेली होती आणि १८७१ पासून पणजीच्या चर्चमध्ये आहे, मी रोज ऑफिसला जाताना तिच्या खालून जाते आणि हे माहीतच नव्हतं.

जमिनीवर कोरीव थडगी आहेत, त्यांच्यावर चालत जावं लागतं, मावशी बिचारी कडेकडेने चालत होती. एका वेदीच्या मागे भिंतीला निळ्या पिवळ्या नक्षीच्या टाइल्सचा तुकडा अजून चिकटलाय, वर नेचे उगवलेत, आणि जांभ्याच्या भोकांत मुंग्यांची रांग. तिथे गाइडने पाच मिनिटं काहीच न बोलता सोडलं आम्हाला, हे पण आवडलं.

मग त्याने जॉर्जियाच्या राणी केतेवानची गोष्ट सांगितली. तिला १६२४ मध्ये इराणात शिराझला मारलं, ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष इथे आणून ठेवले, आणि मठ कोसळल्यावर ते ढिगाऱ्याखाली गेले. पुरातत्त्व खात्याला खोदकामात हाड सापडलं, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत डीएनए तपासला, आणि २०२१ मध्ये त्यातला भाग परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी जॉर्जियाला जाऊन दिला. ढिगाऱ्यातून एखाद्या देशाची राणी निघते राव, आणि आपण तिथे पिकनिकचा डबा खातो!

सेंट पॉल कॉलेजची कमान पटकन उरकली, १५५६ मध्ये भारतातला पहिला छापखाना तिथे सुरू झाला हे एका वाक्यात. मला तिथे अजून थांबायचं होतं पण गाडीवाला हॉर्न मारत होता.

आता पणजी. इथे गाइड बदलला आणि सगळं ढेपाळलं. हा दुसरा नुसता "बघा किती सुंदर, बघा किती सुंदर" करत होता. एका बंद घरासमोर उभे होतो, बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बसायच्या सोप्यात, पिंपळाची मुळं घुसलेली, शिंपल्यांच्या खिडकीच्या अर्ध्या चौकटी रिकाम्या आणि एकीला प्लायवूड मारलेलं, कौलं सरकलेली. ग्रुपमधली दोन मुलं तारेखालून आत शिरली रील काढायला आणि हा गाइड हसत उभा. मला हे अजिबात आवडलं नाही, बोलले पण मी. पडकं दिसलं म्हणजे बेवारस नसतं. खरं तर हीच गोष्ट सांगायला हवी होती त्याने! आपल्याकडे पोर्तुगीज सिव्हिल कोडपासून चालत आलेल्या नियमांमुळे मुलगा मुलगी सगळ्यांना वारसा हक्क, निम्मी मिळकत मुलांना द्यावीच लागते, मग तीन पिढ्यांत एका घराचे पंचवीस तीस मालक होतात, त्यातले काही मुंबईत, काही लिस्बनला, काही इंग्लंडात. विकायला सगळ्यांची सही, वाटणीला कोर्टात इन्व्हेंटरीची केस, दुरुस्तीला पैसे कोण काढणार. १९६१ मध्ये पोर्तुगीज राजवट संपल्यावर जे निघून गेले त्यांच्यातल्या काहींच्या मिळकती इव्हॅक्यूई प्रॉपर्टी, म्हणजे सोडून गेलेल्यांची मालमत्ता, म्हणून ती सांभाळणाऱ्या सरकारच्या कस्टोडियनकडे, त्यासाठी १९६४ चा वेगळा कायदाच आहे. माझ्या स्वतःच्या ओळखीत असं एक घर आहे, भावंडांचं बोलणं बंद आणि कुलूप गंजलंय. या सगळ्यातलं एक अक्षर नाही, नुसतं "ओनर फॉरेनला गेला".

शिवाय मेसेजमध्ये बारा लोकांचा ग्रुप लिहिलेला, आले बावीस, मागे काही ऐकू येत नव्हतं. पाण्याची बाटली आपली न्या, वॉशरूमची सोय फक्त सुरुवातीला आहे. पायात चप्पल नको, ऑगस्टिनला जांभा शेवाळाने घसरतो, पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर जास्तच. वयस्क माणसांना चढ जमेल, मावशी सत्तरीच्या आहेत आणि त्यांनी केला.

मी पाचपैकी साडेतीन देईन. बुक करताना फोन करून फक्त ओल्ड गोव्याचा भाग मागा, देतात ते, अर्ध्या पैशात, वेबसाइटवर लिहिलेलं नाही. आणि मडगावचा मुलगा आहे का ते विचारूनच पैसे भरा. पणजीतलं तुम्ही स्वतः फिरा, सकाळी आठच्या आधी, गल्ल्या रिकाम्या असतात आणि कुणाच्या दारात उभं राहून रील काढायची गरज नाही.