रात्रपाळीची कॅबसेवा: गाडीत निर्धास्त, गाडीबाहेर रामभरोसे

आमच्या कार्यालयाने रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांसाठी एका खासगी कंपनीची कॅबसेवा घेतली, त्याला आठ महिने झाले. आठवड्यातून चार रात्री मी याच गाडीने घरी येते.

आधी चांगले सांगते. गाडी सुटण्यापूर्वी चालकाला ओटीपी सांगावा लागतो, त्यामुळे दुसऱ्याच गाडीत बसण्याची चूक होत नाही. फोन मधल्या क्रमांकावरून जोडला जात असल्याने आपला खरा क्रमांक चालकाला कळत नाही. पूर्वीच्या सेवेत एका सहकारिणीला आठवडाभर नको ते संदेश आले होते, म्हणून या सोयीचे मोल आम्हाला जास्त. सर्वांत शेवटी उतरणारी प्रवासी स्त्री असेल, तर सोबत सुरक्षारक्षक देतात आणि हा नियम आजवर एकदाही मोडलेला नाही. आमच्या मार्गावरचे एक वयस्कर चालक तर मी फाटकाचे कुलूप उघडून आत जाईपर्यंत गाडीचे दिवे फाटकावरच रोखून थांबतात. हे करारात कुठेही लिहिलेले नाही आणि इतर चालक ते करतही नाहीत.

संकटकाळच्या बटणाबद्दल मात्र तक्रार आहे. पर्समध्ये ते एकदा चुकून दाबले गेले. नियंत्रण कक्षातून फोन आला तो चार मिनिटांनी, आणि पहिला प्रश्न होता, “मॅडम, तुमचा कर्मचारी क्रमांक?” बटण दाबणारी कोण आहे, हे त्यांच्या पडद्यावर आधीच दिसायला हवे. शिवाय मी तेव्हा तळघरातल्या वाहनतळात होते. तिथे उपग्रहाचे संकेत नीट पोहोचत नाहीत, म्हणून त्यांना माझे ठिकाण मागच्या रस्त्यावर दिसत होते. आम्हाला गाडीत बसवतात ते नेमके याच तळघरात.

पण खरा राग आहे तो वाट पाहण्याचा. गाडीला वीस-पंचवीस मिनिटे उशीर होणे नेहमीचेच, आणि तेवढा वेळ आम्ही एका मिणमिणत्या दिव्याखाली उभ्या असतो. बसायला बाक नाही आणि सर्वांत जवळचे स्वच्छतागृह रात्री दहानंतर कुलूपबंद असते. विचारले, तर सेवा देणारी कंपनी म्हणते की आमची जबाबदारी गाडीत बसल्यापासून, आणि कार्यालय म्हणते की हजेरीपत्रकावर सुटल्याची वेळ पडली की आमची संपली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2019 मध्ये स्वीकारलेल्या 190 क्रमांकाच्या करारात कामावर जाण्या-येण्याच्या प्रवासातील छळही कामाच्या जगातलाच धरला आहे. मग मधली ही पंचवीस मिनिटे कोणाची?

उतरण्याची जागाही अशीच. कॅनडातील माँट्रियलमध्ये 1996 पासून रात्रीच्या बसमधून दोन थांब्यांच्या मध्ये उतरण्याची मुभा स्त्रियांना मिळाली. आमच्या गाडीत मात्र ॲपमध्ये नोंदवलेल्या ठिकाणाच्या पन्नास पावले पुढे उतरायचे, तरी आदल्या दिवशी अर्ज करावा लागतो. गल्लीत खोदकाम सुरू आहे, हे आदल्या दिवशी कोणाला ठाऊक असते?

पुढच्या महिन्यात कंत्राटाचे नूतनीकरण आहे. स्वच्छतागृह उघडे ठेवणे आणि गाडीत बसण्याची जागा तळमजल्यावर, पहारेकऱ्याच्या नजरेसमोर आणणे, या दोन मागण्या आम्ही अकरा जणींनी लेखी दिल्या आहेत. तूर्त पाचपैकी तीन तारे, आणि त्यातला एक त्या वयस्कर चालकांचा.