एक्सपल्स २०० ४व्ही : नवशिक्याची पहिली कच्ची वाट

सोलापूरजवळ हिप्परगा तलावाच्या बाजूला मुरमाड, खाचखळग्यांच्या वाटेवर मी हिरो एक्सपल्स २०० ४व्ही ही मोटरसायकल प्रथमच घातली, तेव्हा पुढचे २१ इंची चाक दगडांवरून ज्या सहजतेने चढत गेले आणि २२० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्समुळे (जमीन आणि गाडीचे बूड यांतील अंतरामुळे) इंजिनाचे बूड कुठेही घासले नाही, त्याने माझी निम्मी भीती गेली. फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभे राहून गुडघ्यांनी टाकी आवळली की हँडल सैल धरता येते. हे उमगायला मात्र अख्खी सकाळ लागली. ओल्या काळ्या मातीत चिखल टायरच्या खाचांत भरताच मी दोनदा पडलो, पण तो दोष गाडीचा नव्हे, पावसानंतर लगेच रानात शिरण्याच्या माझ्या घाईचा. १९९.६ सीसीचे इंजिन नवशिक्याला दडपून टाकत नाही, हे मला सर्वांत मोलाचे वाटले.