मोडी वाचून वंशावळ लावून देणारे नाना : पैसे वसूल, फक्त मुलींची नावं मागून घ्या

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तहसील कचेरीसमोर झेरॉक्सवाल्याला खेटून एक रिटायर्ड गृहस्थ टेबल टाकून बसतात, सगळे नाना म्हणतात. बोर्डावर मोडी वाचन, जुने फेरफार, वंशावळ एवढंच लिहिलंय. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही, आधीच तिथे गर्दी मावत नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं सुरू झालं तेव्हापासून मोडी येणाऱ्या माणसाला भाव आलाय, शिवाय ओबीसीच्या जात पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणून जो तो पणजोबाचा कागद शोधत फिरतोय.

मला जातीचा दाखला नको होता. आजोबांच्या थोरल्या बहिणीचं सासर तापीच्या पल्याड कुठेतरी होतं एवढंच घरात माहीत, गाव कोणालाच आठवत नाही, आणि पणजोबाच्या वरची नावंही कोणाकडे नाहीत. त्यात आडनाव पाटील. आमच्या गावात अर्धं गाव पाटील आहे भो, आडनावावरून शोधायला गेलात तर आयुष्य जाईल.

नानांनी पहिल्यांदा काय केलं तर मी नेलेला मोडी कागद बाजूला सारला आणि जुना हातानं लिहिलेला सातबारा मागितला. त्यावर कब्जेदाराच्या नावाजवळ गोल करून जे आकडे असतात ना, ते फेरफार नंबर, म्हणजे जमिनीवरचं नाव बदललं त्या नोंदीचा नंबर. तो नंबर धरून गाव नमुना ६, म्हणजे फेरफारांची वही काढायची, त्या फेरफारात आधीच्या मालकाचं नाव मिळतं, मग त्याचं नाव कोणत्या फेरफारानं लागलं ते बघायचं, असं एकेक पायरी मागे जायचं. हे ऐकायला सोपं वाटतं पण मधे गटवारी येते. १९४७ च्या कायद्यानं जमिनींचं एकत्रीकरण झालं तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, लोक तिथेच अडकतात आणि रेकॉर्ड जळालं म्हणून मोकळे होतात. नानांनी एकत्रीकरणाचं पत्रक काढायला लावलं, त्यात जुना नंबर आणि नवा गट समोरासमोर मिळाला, गाडी पुढे.

दुसरी खुबी म्हणजे ए.कु.मॅ. हा शेरा. एकत्र कुटुंब मॅनेजर. बाप गेला की थोरल्याचंच नाव लागायचं आणि बाकीचे भाऊ कागदावरून गायब, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं माणसाला एकच मुलगा होता. नाना म्हणाले हा शेरा दिसला की समजायचं खाली अजून भाऊ आहेत, पुढे वाटपाचा फेरफार शोधा. आणि खरंच, आमच्या खापरपणजोबाला तीन मुलं निघाली, त्यातला एक दत्तक गेलेला, म्हणजे त्याच्या नावापुढे बापाचं नाव वेगळंच, आणि आम्ही त्या घराला नुसते भाऊबंद समजायचो!

मोडी वाचायचा स्पीड जबरदस्त. सगळी अक्षरं एकात एक गुंतलेली, शब्द कुठे तुटतो कळत नाही, पण त्यांना त्या त्या कुलकर्ण्याचं, म्हणजे गावचं दप्तर लिहिणाऱ्याचं, अक्षरसुद्धा ओळखू येतं. कोतवाल बुकाबद्दल, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या वहीबद्दल, मात्र त्यांनी आधीच सांगून टाकलं की जास्त आशा ठेवू नका, जन्माच्या नोंदीत बऱ्याचदा पोराचं नावच नसतं, बापाचं नाव आणि पुढे नुसतं मुलगा किंवा मुलगी. आमच्या बाबतीत तसंच झालं, दोन नोंदी मिळाल्या पण कोणाच्या ते सांगता येईना. ज्यांच्या घरात शेती नव्हती त्यांनी शाळेच्या जनरल रजिस्टरापासून, म्हणजे पोरांचं नाव दाखल करायच्या वहीपासून, सुरू करावं असंही ते म्हणाले, ते बरोबर वाटलं.

आता खटकलेलं. वंशावळीचा कागद हातात आला तर त्यात एकही बाई नाही. मी म्हटलं नाना, मुली कुठे गेल्या? तर म्हणे दाखल्याला लागत नाहीत. अहो पण मी आलोच त्यासाठी! मग जरा कुरकुर करत परत बसले. १९५६ चा वारसा कायदा येण्याआधीच्या फेरफारात वारस म्हणून मुलंच असायची, मुलगा नसला तर बायको. पणजोबा नशिबानं त्यानंतर वारले, म्हणून वारस फेरफारात मुलींची नावं आली, आणि त्याच्या पुढचाच फेरफार बहिणींनी भावांना दिलेल्या हक्कसोडीचा, म्हणजे जमिनीतला आपला हिस्सा सोडल्याचा. त्यात आजोबांच्या त्या थोरल्या बहिणीचं सासरकडचं पूर्ण नाव आणि गाव, यावल तालुक्यातलं. गंमत म्हणजे हा फेरफार बाळबोधातच, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीत होता, मला पण वाचता आला असता, पण तोच काढायचा हे नानांशिवाय कळलं नसतं. तुम्ही पैसे मोडीचे देत नाही, या डोक्याचे देता.

बाकी बारीकसारीक: वंशावळीत कोणतं नाव कोणत्या फेरफारातून घेतलं ते लिहून देत नाहीत, मागे लागून पेनानं लिहून घ्या. तारीख देतात ती पाळत नाहीत. नकला स्वतः अर्ज करून काढाव्या लागतात, ते फक्त नंबर सांगतात. दर पानावर आहे, मोडीला जास्त, आधी विचारून घ्या, फोनपे चालत नाही. जुन्या तालुक्याचं नाव माहीत करून जा, धरणगावची गावं आधी एरंडोलात होती, मुक्ताईनगर म्हणजे कागदावर एदलाबाद, आणि १९०६ ते १९६० चे कागद पूर्व खानदेश नावानंच सापडतात. बाजाराच्या दिवशी जाऊ नका, सकाळी कचेरी उघडते त्याच्या आधी पोचा. पाचपैकी चार स्टार, एक मुलींचा कापला.