दाजी पेठेतला हातमागाचा वर्ग: निदान एकदा जाऊन बसा

सोलापुरात चादरी-टॉवेलची दुकानं पावलापावलावर आहेत. पण ती चादर विणतात कशी, हे स्वतःच्या हातानं करून बघायची सोय फार थोड्या ठिकाणी उरली आहे. दाजी पेठेतल्या एका बोळात मास्तरांचा हातमागाचा वर्ग आहे, तिथं ती आहे. मी गेल्या दिवाळीनंतर जायला लागले आणि अजून जाते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बोर्ड नाही. बोळाच्या तोंडाशी चहाची टपरी आहे, तिथं ‘वॉल हँगिंग शिकवणारे मास्तर’ म्हणून विचारलं की पोरगं सोबत येऊन दार दाखवतं. पत्र्याचं छप्पर, शहाबादी फरशी आणि आत चार माग. फी महिना १२०० रुपये, सूत त्यातच. कॉलेजच्या मुलांकडून निम्मी घेतात आणि ज्याला परवडत नाही त्याच्याकडे मागत नाहीत.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात बिलिंग बघते. दिवसभर डझन, गठ्ठे, जीएसटी. माझे आजोबा हातमागावर लुगडी विणायचे. पुढं यंत्रमाग आले, आजोबांचा माग विकला गेला, आणि घरात विणकामाचा विषय निघाला की ‘त्यात काय ठेवलंय आता’ एवढंच ऐकत मी मोठी झाले. त्यामुळं मास्तरांच्या दारात उभी राहिले तेव्हा शिकून काय मिळवायचंय, हे मला धड सांगता येत नव्हतं. त्यांनीही विचारलं नाही. स्टूल पुढं केलं आणि चरखा दाखवला.

सुरुवात कांड्या, म्हणजे सूत गुंडाळायच्या छोट्या नळ्या, भरण्यापासून होते, आणि ती कुणालाही चुकत नाही. कांडी सैल भरली तर धोटा, म्हणजे ती कांडी घेऊन मागावर इकडून तिकडं धावणारा लाकडी तुकडा, पळताना सुताचे वेढे घसरून गुंता होतो, फार घट्ट भरली तर सूत तटकन तुटतं. हाताला तो ताण कळल्याशिवाय मागावर बसवत नाहीत. मग साधी वीण. पायाखालची पावडी दाबली की ताणा, म्हणजे उभे धागे, उघडतो, धोटा या काठाकडून त्या काठाकडे जातो, फणीनं बाणा, म्हणजे आडवा धागा, ठोकायचा. ऐकायला सोपं आहे. नवीन माणूस बाण्याचं सूत ओढून घेतो आणि कापड वर वर अरुंद होत जातं. मास्तर रागावत नाहीत. खाली पट्टी लावतात, १८ इंच. वर लावतात, १७. आणि म्हणतात, “अम्मा, सुताला ओढू नको. तिरकं सोड, मग ठोक. त्याला वर-खाली जायला जागा लागती की.” पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातल्या, घरातलं त्यांचं तेलुगू वळणाचं मराठी कानाला फार गोड लागतं.

वॉल हँगिंग, म्हणजे भिंतीवर टांगायचं विणलेलं चित्र, हा वर्गाचा खरा ऐवज. आपण काढलेलं चित्र चौकटीच्या कागदावर उतरवायचं, तो कागद ताण्याखाली लावायचा आणि प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी हातानं तेवढ्याच धाग्यांतून फिरवायची. दोन रंग जिथं उभ्या रेषेत भेटतात तिथं त्यांचे धागे एकमेकांत अडकवले नाहीत तर कापडात फट राहते. एका संध्याकाळी दोन बोटं कापड झालं तरी खूप. मी सिद्धेश्वर तलावाकाठचा बगळा घेतला होता. त्याच्या मानेच्या वळणावर मी इतकी रमले की घरून फोन येऊन गेलेला कळला नाही.

मास्तरांकडे जुन्या जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उमटवणाऱ्या यंत्राच्या, भोकं पाडलेल्या पत्त्यांची एक माळही आहे. पत्ता उजेडासमोर धरून ते दाखवतात, भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, आणि यातूनच चादरीवरचं फूल उमटतं. फ्रान्समध्ये १८०४ साली निघालेली ही युक्ती आपल्या सोलापुरी चादरीत आजही नांदते आहे. मी इतकी वर्षं जकार्ड शब्द बिलात टाइप करत होते, तो समजला इथं.

पण हा वर्ग इतरांपेक्षा वेगळा का, ते पुढं आहे. मास्तरांचा स्वतःचा माग बंद पडल्यावर त्यांनी कित्येक वर्षं यंत्रमागावर रात्रपाळी केली. आपला विद्यार्थी विणकर होऊन पोट भरेल अशी त्यांची समजूत नाही, आणि ते तसं खोटं सांगतही नाहीत. माणसाचा जीव कशात आहे ते मात्र ते बरोबर हेरतात. इंजिनिअरिंगचा एक मुलगा यायचा. विणकामात यथातथाच, पण वहीच्या पाठीमागं अक्षरं सुरेख काढायचा. मास्तरांनी त्याला स्वतः नेऊन ओळखीच्या पेंटरकडे बसवलं. आता तो कॉलेज सांभाळून दुकानांच्या पाट्या रंगवतो आणि पहिल्या कमाईतून त्यानं वर्गाला लाल-निळं सूत आणून दिलं. रात्रपाळी संपवून थेट मागावर येणाऱ्या एक सिस्टर आहेत. घरचे म्हणायचे, झोप सोडून हे काय. मास्तरांनी त्यांच्या यजमानांना चहाला बोलावलं आणि त्यांच्याच हातात धोटा दिला. आता यजमानच स्कूटरवरून सोडायला येतात.

मी एकदा त्यांना विचारलं, यातून तुम्हाला काय मिळतं? म्हणाले, “माझा माग गेला तेव्हा ‘कर’ म्हणणारं कोणी नव्हतं. आता दुसऱ्यांसाठी ते एक माणूस मी बनतो.” एवढं बोलून कांडी बदलायला वळले.

हल्ली रविवारी नवीन आलेल्यांना चरख्यावर मी बसवते. मास्तरांनीच सोपवलं. समोरच्या बाईच्या हातून पहिली कांडी नीट भरली जाते आणि ती बाई ती कांडी उलटसुलट करून बघत राहते, त्या वेळी मला जो आनंद होतो तो माझा बगळा पुरा झाला तेव्हाही झाला नव्हता, हे अगदी खरं सांगते. ऑफिसातल्या दोघींना मी इथं आणलं. एक विणते. दुसरीनं विणकाम सोडलं आणि बारा वर्षं बंद ठेवलेली वाजवायची पेटी पुन्हा काढली. दोन्हीचं मला सारखंच समाधान आहे.

उणिवा आहेत. माग चारच, त्यामुळं कधी कधी पाळीची वाट बघावी लागते. बोळात चारचाकी येत नाही. बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह नाही, शेजारच्या घरात जावं लागतं. ते लोक भले आहेत, पण ही सोय व्हायला हवी. आणि उन्हाळा! पत्रा तापतो, कोरड्या हवेत सूत सारखं तुटतं, म्हणून मास्तर मागाभोवती ओली पोती टाकून ठेवतात. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातची वेळ घ्या, दुपारी जाऊ नका. पाचपैकी साडेचार गुण, अर्धा त्या स्वच्छतागृहापायी कापला.

७ ऑगस्टला, हातमाग दिनी, शाळेतल्या मुलांना फुकट विणायला देतात. त्या दिवशी पोरांना घेऊन जरूर जा. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ असतो, तेव्हा वर्ग बंद. फोनवर नाव नोंदवत नाहीत, संध्याकाळी सहानंतर स्वतः जाऊन सांगावं लागतं. जाताना सुती कपडे घाला, हातात बांगड्या असतील तर काढून ठेवा, त्या ताण्यात अडकतात.