सिव्हिलायझेशन ६ : कोणतं वंडर बांधावं आणि कोणतं सोडून द्यावं

सिव्हिलायझेशन ६ हा शहरं वसवून साम्राज्य वाढवायचा, टर्नवर म्हणजे आळीपाळीच्या खेळीवर चालणारा कॉम्प्युटर गेम ऑक्टोबर २०१६ मध्ये आला. तो चांगला की वाईट, यावर आता नव्याने लिहिण्यासारखं फारसं उरलेलं नाही. मी तो दिवाळीच्या सुमारास सेलमध्ये घेतला, ‘राइज अँड फॉल’ आणि ‘गॅदरिंग स्टॉर्म’ या दोन्ही मोठ्या विस्तारांसकट. मधे गड्ड्याची यात्रा होऊन गेली, आता सोलापुरात दुपारी बाहेर पडवत नाही, तरी संध्याकाळी लॅपटॉप उघडला की हाच गेम सुरू होतो. या सगळ्या महिन्यांत डोकं सगळ्यात जास्त कशात गेलं असेल तर वंडर्समध्ये. म्हणून फक्त त्यांच्याविषयीच लिहितो.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वंडर म्हणजे पिरॅमिड, पेट्रा, कलोसियम अशी जगप्रसिद्ध बांधकामं. प्रत्येक वंडर सगळ्या जगात एकदाच बांधता येतं. आधी पूर्ण करेल त्याचं, बाकीच्यांनी विसरायचं. सोनं देऊन ते विकत घेता येत नाही. आणि गेमच्या या सहाव्या भागात प्रत्येक वंडरला स्वतःची एक अख्खी टाइल, म्हणजे नकाशाचा एक षटकोनी तुकडा, लागते, तीही त्याच्या अटीत बसणारी. पूर्ण झालं की पायापासून कळसापर्यंत बांधकाम उभं राहताना दाखवणारं छोटं दृश्य येतं. इतक्या वेळा पाहूनही मी ते वगळत नाही.

वंडरचं माहितीचं कार्ड वाचलं की प्रत्येकच हवंसं वाटतं. पण सोलापूरकराला हे वेगळं सांगायला नको की मागावर टॉवेल लागलेला असेल तोवर त्या मागावर चादर निघत नाही. शहराचंही तेच. त्यामुळे ‘हे वंडर काय देतं’ हा माझ्या लेखी दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा की तेवढ्या टर्नमध्ये या शहराने दुसरं काय काढलं असतं?

पिरॅमिडचा हिशोब करून बघा. गेमच्या स्टँडर्ड वेगावर त्याला २२० प्रॉडक्शन, म्हणजे शहराची बांधकामाची ताकद, लागतं. नवं शहर वसवणारा पहिला सेटलर ८० चा, दुसरा ११० चा. म्हणजे एका पिरॅमिडच्या किमतीत दोन नवी शहरं वसतात, वर थोडं प्रॉडक्शन उरतं. माझा चुलतभाऊ दर रविवारी अशोक चौकातून येतो. एकाच लॅपटॉपवर आळीपाळीने खेळायची हॉटसीट नावाची सोय या गेममध्ये आहे, तीत आम्ही बसतो. मी पिरॅमिड लावला की त्याचं ठरलेलं, “दादा, परत दगडं रचालास? तोवर मी दोन गावं बसवतो बघ.” आणि तो बसवतोही. सुरुवातीच्या पन्नास टर्नमध्ये त्याचं म्हणणं बहुतेक वेळा खरं असतं. दोन शहरं म्हणजे विज्ञान देणारे दोन कॅम्पस, दोन बाजार, दुप्पट जमीन, आणि हे सगळं शेवटच्या टर्नपर्यंत वाढतच राहतं.

तरीही पिरॅमिड मी सोडत नाही, वाळवंटातली सपाट टाइल राजधानीच्या हद्दीत आयती असेल तर. शेतं-खाणी करणारा एक बिल्डर लगेच फुकट मिळतो आणि पुढच्या प्रत्येक बिल्डरला एक चार्ज, म्हणजे एक काम, जादा. साध्या बिल्डरला तीन चार्ज असतात. पुढे डझनभर बिल्डर काढले तर बारा चार्ज वरचे झाले, म्हणजे चार बिल्डर आणि तो फुकटचा पाचवा. शिवाय प्रत्येक बिल्डर आधीच्यापेक्षा महाग होत जातो, त्यामुळे वाचलेले बिल्डर महागातले असतात. भरपूर शहरं वसवून भरपूर बिल्डर राबवणाऱ्याला पिरॅमिड परवडतो. तीन शहरांवर थांबणाऱ्याने त्याच्या नादी लागू नये. म्हणजे माझा आणि भावाचा वाद दिसतो तेवढा मोठा नाही. त्याचे सेटलर आधी, माझा पिरॅमिड लगेच मागे, हा क्रम मला सगळ्यात जास्त फळला.

स्टोनहेंजबद्दल मात्र माझं मत कडक आहे. १८० प्रॉडक्शन, शेजारी दगडाची खाण देणारी टाइल हवी, मोबदल्यात एक ग्रेट प्रॉफेट, म्हणजे धर्म स्थापन करण्याचा हक्क. वाचायला फार छान. पण इमॉर्टल किंवा डेइटी या सगळ्यात अवघड पातळ्यांवर कॉम्प्युटर जादा सेटलर घेऊनच डाव सुरू करतो, डेइटीवर तर एकूण तीन. त्याच्याशी पहिल्याच शर्यतीत धावायचं आणि आपली एकुलती राजधानी त्यात अडकवायची, हे मला पटत नाही. धर्म हवाच असेल तर लवकर हॉली साइट हा शहराचा धार्मिक विभाग आणि त्यात श्राइन बांधावं. शर्यत तिथेही असते, पण हरलो तरी हॉली साइट आपल्याकडे राहते आणि फेथ, म्हणजे धर्माचे गुण, देत राहते. प्रिन्स किंवा किंग या सोप्या पातळ्यांवर खेळत असाल तर स्टोनहेंज खुशाल बांधा.

खरी मजा पेट्रामध्ये आहे. वाळवंटाची टाइल म्हणजे या गेममध्ये शून्य, ना अन्न ना प्रॉडक्शन. पेट्रा झालं की त्या शहराच्या प्रत्येक वाळवंटी टाइलला २ अन्न, २ सोनं आणि १ प्रॉडक्शन मिळतं. वाळवंटी टेकड्या असतील तर त्यांचं एक प्रॉडक्शन मुळातलं, त्यावर खाण खणली की आणखी. ज्या पट्ट्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, तिथे साम्राज्यातलं सगळ्यात कमावतं शहर उभं राहतं. कोरड्या मुलुखात वाढलेल्या माणसाला हे बघून जे समाधान होतं ते शब्दांत सांगणं अवघड आहे. मी शहर वसवण्याआधीच नकाशावर पेट्राची खूण टाकून ठेवतो. एक बारकावा लक्षात ठेवा. पेट्राचा फायदा नदीकाठच्या पूरमैदानाला मिळत नाही, पण पेट्रा स्वतः पूरमैदानावर बांधता येतं. म्हणून ते तिथेच बांधावं, वाळवंटाच्या टाइल कमाईसाठी मोकळ्या राहतात.

वंडरची किंमत कार्डावर छापलेली असली तरी तिचं मोल जमीन ठरवते, हे मला पेट्राने शिकवलं. माचू पिचूचंही तसंच. ते डोंगराच्या टाइलवरच होतं आणि त्यानंतर आपल्या सगळ्या शहरांत डोंगराशेजारचे बाजार, थिएटर स्क्वेअर आणि इंडस्ट्रियल झोन जास्त कमवायला लागतात. डोंगररांगेच्या कडेने शहरं असतील तर ते सोन्यासारखं, सपाट मुलुखात मात्र ४०० प्रॉडक्शन वाया.

कलोसियम मी जवळपास प्रत्येक डावात बांधतो. सहा टाइलच्या आतल्या आपल्या प्रत्येक शहराला कल्चर, ॲमेनिटी (लोकांची खुशी) आणि लॉयल्टी (निष्ठा) मिळते. शहरं दाटीवाटीने वसवली की एकाच बांधकामात पाच-सहा शहरांची नाराजी मिटते. फक्त त्याला शेजारी अरीना असलेलं एंटरटेनमेंट कॉम्प्लेक्स लागतं, तो खर्च हिशोबात धरायलाच हवा. ग्रेट लायब्ररी मी कधीच लावत नाही. ती प्राचीन आणि क्लासिकल काळातल्या सगळ्या तंत्रज्ञानांना बूस्ट, म्हणजे संशोधनात सवलत, देते, पण ती हाती येईपर्यंत त्यातले बरेच बूस्ट आपण स्वतःच मिळवलेले असतात. हँगिंग गार्डन्स ठीक. बिग बेन उशिरा येतं, महाग आहे, तरी जादा इकॉनॉमिक पॉलिसी कार्डासाठी, म्हणजे सरकारच्या एका जादा आर्थिक धोरणासाठी, चालतं.

किल्वा किसिवानीबद्दल लोक फारसं बोलत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितो. सिटी-स्टेट म्हणजे नकाशावरची छोटी स्वतंत्र शहरं, तिथे पाठवायचे तीन एन्व्हॉय (दूत) लगेच मिळतात. आपण ज्या सिटी-स्टेटचे सुझरेन, म्हणजे पालक, आहोत तिच्या प्रकारानुसार किल्वा असलेल्या शहराला १५ टक्के वाढ मिळते, आणि एकाच प्रकारच्या दोन सिटी-स्टेट हातात असतील तर सगळ्या शहरांना आणखी १५ टक्के. सायन्सवाल्या दोन सिटी-स्टेट धरून ठेवल्या असतील तर मधल्या काळात याच्या तोडीचं दुसरं काही नाही. ७१० प्रॉडक्शन जास्त वाटेल, पण तोवर जंगलं तोडून मिळणाऱ्या प्रॉडक्शनवर ते उभं करता येतं. मॅग्नस हा गव्हर्नर त्या शहरात बसवला तर जंगलतोडीचं उत्पन्न दीडपट होतं.

हॅलिकार्नासस इथल्या मुसोलियमवर माझा विशेष जीव आहे. ते झालं की प्रत्येक ग्रेट इंजिनिअरला एक चार्ज जादा. इसिडोर किंवा गुस्ताव आयफेल यांच्यासारखे इंजिनिअर वंडरच्या कामात एकदम मोठं प्रॉडक्शन ओततात, त्यांना एक वार जास्त मिळाला म्हणजे पुढचं वंडर अर्ध्यावर आलंच. समुद्रकाठी हार्बर असेल तरच हे जमतं.

सायन्सने जिंकायचं असेल तर रूर व्हॅलीची जागा फॅक्टरीशेजारी, नदीकाठी, लवकर राखून ठेवा. त्या शहराचं प्रॉडक्शन २० टक्क्यांनी वाढतं आणि त्याच्या प्रत्येक खाणीला वर एक. त्याच शहरात पुढे स्पेसपोर्ट काढा, शेवटचे अंतराळ प्रकल्प भराभर उरकतात. कल्चरने जिंकायचं असेल तर माझा बराचसा कडकपणा बाजूला ठेवा. वंडर मुळातच पर्यटक ओढतात, तिथे दुय्यम वंडरही कामाचं ठरतं.

शर्यतीबद्दल एक उपयोगी गोष्ट. समोरच्या राजाला भेटल्या भेटल्या २५ सोन्याचं डेलिगेशन (शिष्टमंडळ) पाठवा. त्यातून त्याच्या राज्यातल्या बातम्या कळायला लागतात, त्यात त्याने कोणतं वंडर सुरू केलं हेही असतं. जुन्या काळच्या वंडरसाठी कॉर्व्हे हे पॉलिसी कार्ड १५ टक्के वेग देतं, तेही विसरू नका.

तक्रारी दोन. डाव लांबला की कॉम्प्युटरच्या टर्न फार वेळ खातात आणि एप्रिलनंतर माझा जुना लॅपटॉप इतका तापतो की कूलरसमोर बसूनच खेळावं लागतं. दुसरी, गेममध्ये एकही भारतीय भाषा नाही. चंद्रगुप्त आहे, गांधीजी आहेत, पण अटींचे सगळे बारकावे इंग्रजीतच वाचावे लागतात. शाळकरी मुलांना घेऊन देणार असाल तर पहिले काही डाव शेजारी बसा. वीज जाण्याची मात्र काळजी नको, गेम आपोआप सेव्ह होत राहतो, फार तर एखादी टर्न परत खेळावी लागते.

घेताना एवढं बघा की नुसत्या मूळ गेममध्ये वर सांगितलेली सगळी वंडर्स नाहीत. किल्वा ‘राइज अँड फॉल’सोबत येतं, माचू पिचू ‘गॅदरिंग स्टॉर्म’सोबत. मुसोलियम पर्शिया आणि मॅसिडोनच्या वेगळ्या पॅकसोबत येतं. पेट्रा, पिरॅमिड, कलोसियम आणि रूर व्हॅली मूळ गेममध्येच आहेत. पैसे मोजकेच असतील तर आधी तेवढाच घ्या, विस्तार पुढच्या सेलमध्ये.