लॅब्राडोरचा किनारा: केबिनची बोट की कयाक?

दांडेलीत काळी नदीवर राफ्टिंग केलेल्या बेळगाव-खानापूरकरांना कयाकचा, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या अरुंद होडीचा, मोह होणारच. पण कॅनडातल्या लॅब्राडोरच्या टोर्नगॅट किनाऱ्यावर जुलैतही हिमनग तरंगतात. त्या पाण्यात पडलात तर पहिलं मिनिट धाप आवरण्यात जातं, 10 मिनिटांत बोटं वळेनाशी होतात, तासाभरात शुद्ध हरपू शकते. म्हणून कयाकसाठी ड्रायसूट, म्हणजे पाणी आत न शिरू देणारा पोशाख, हवाच, आत लोकरीचे थर. सुती बनियन नको; भिजलं की ऊब संपली. मानेचा किंवा मनगटाचा रबरी सील फाटका असेल, तर सूट असून नसल्यासारखा. वारा सुटला की तंबूतच अडकायचं. तिथं कुंद्याचा डबाही ठेवू नका, वासानं ध्रुवीय अस्वल येतं.

केबिनच्या बोटीत झोप कोरडी, जेवण गरम. बोट लागते मात्र. गोळी निघण्याआधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही.

अस्वलांवर नजर ठेवणारे इनुइट (तिथले मूळ रहिवासी) राखणदार दोन्हीकडे हवेत. पहिल्या खेपेला बोटच बरी. उलटलेल्या कयाकवर परत चढायचा सराव इथंच, प्रशिक्षकासोबत पक्का झाला असेल तरच कयाक घ्या.