गरी टाकायची कुठे: गोसेखालची वैनगंगा की गावचा मालगुजारी तलाव?

विदर्भाला समुद्र नाही, पण गोसीखुर्द (गोसे) धरणाच्या खाली वैनगंगा रोज वेगळी भेटते. धरणाला ३३ दारं. वर बालाघाट-गोंदियाकडे जोराचा पाऊस झाला की ती उघडतात, आणि पवनीपासून वडशापर्यंत काठाचं पाणी चढतं. दारं बंद झाली की उतरतं. गरी, म्हणजे मासे धरायचा गळ, घेऊन बसणाऱ्याला हा चढ-उतार कळला नाही, तर नदीवर दिवस वायाच जातो.

चढत्या पाण्यात नदीवर जाऊच नका. गढूळ पाण्यातून काटक्या-पालापाचोळा येऊन दोरीला अडकतो, दोरीचं वजन, म्हणजे शिसं, जागेवर ठरत नाही. शिवाय आत्ता घोट्याएवढं असलेलं पाणी काही वेळात परतीची वाट बंद करतं. रेतीच्या बेटावर बसून मासे धरणं मला कधीच पटलं नाही. त्यात रेतीघाटांवर उपशाचे खड्डे असतात, ते वरून दिसत नाहीत.

उतरतं पाणी मात्र नदीचं खरं देणं. पुरात नाल्यांत शिरलेले मासे माघारी येतात, म्हणून नाल्याच्या तोंडाशी, मोठ्या दगडाच्या आडोशाला, डोहाच्या शेपटाकडे बसावं. धारेच्या मधोमध नको. माशालाही धारेशी झुंजत राहणं परवडत नाही. शिसं चपटं घ्या, गोल असलं की तळावर गडगडत जातं. ते मुख्य दोरीपेक्षा कच्च्या दोऱ्याने बांधा. दगडात अडकलं तर फक्त शिसं तुटेल, गरी आणि मासा हाती राहील. गांडूळ लावून तळाशी सोडलं तर शिंगाडा आणि तसले मिशीवाले मासे लागतात.

मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, काळातल्या तलावाचा हिशोब निराळा. पाणी थांबलेलं, त्यामुळे शिशापेक्षा खोलीला महत्त्व. कतला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. थर्माकोलचा तुकडा दोरीवर वर-खाली सरकवला की कणकेचा गोळा हव्या त्या थरात राहतो. नवख्याला हे लवकर जमतं, आणि पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पोरंही सोबत बसू शकतात. बेशरमच्या झुडपांच्या कडेला मरळ असतो. पण तांबूस पिल्लांचा थवा पाण्यावर दिसला, तर तिथे गरी टाकू नका. मायबाप खालीच राखण करत असतात. ते गेले तर पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात.

तलावावर एक गोष्ट आधी करायची: विचारायचं. मालगुजारी १९५०च्या कायद्याने गेली, पण हे तलाव बेवारस झाले नाहीत. बहुतेक ठिकाणी ढिवर बांधवांच्या मच्छीमार संस्थेचा ठेका असतो आणि रोहू-कतल्याचं बीज त्यांच्या पैशाचं असतं. संस्थेच्या माणसाला न विचारता चार रोहू घरी नेणं ही चोरीच. विचारलं तर बरेचदा कुठे बसावं तेही तेच सांगतात.

खाण्याचं म्हणाल तर धरणाच्या वर, आंभोऱ्याकडच्या फुगवट्यात मी गरी टाकत नाही. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि पुढे तिथे येतं. चांगल्या राखलेल्या गावतलावाचा मासा मला जास्त भरवशाचा वाटतो.

माझं मत विचाराल तर शिकायचं असेल किंवा पोरं सोबत असतील, तर तलाव. हात बसला असेल, तर नवरात्रानंतर पाऊस थांबून दारं बंद झाली की नदी. उन्हाळ्यात तलाव आटून मासे पहाटे पृष्ठभागावर तोंड उघडून श्वास घेताना दिसले, तर त्यांचा नाद सोडा. ते आमिषाला तोंड लावत नाहीत. तेव्हा नदीचे खोल डोह बघा. आणि आषाढात, पोटात अंडी असताना, दोन्हीकडची गरी घरीच ठेवा. नदीवर निघण्याआधी पाणी सोडणार असल्याची सूचना आली आहे का, ते तलाठी कार्यालयात किंवा पोलीस पाटलाकडे विचारून घ्या.